बिलातला दंड चालकाच्या पगारात: पुण्यातल्या ठेक्याच्या बसचालकांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू होण्याच्या आधीचं आहे. ठेकेदार, परिवहन संस्था, डेपो आणि माणसं यांची नावं गाळली आहेत. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. संघटनेच्या बाजूने कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यातल्या शहर बसने रोज जाणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं की गाडीतला वाहक आणि चालक एकाच मालकाचे नसतात. ठेक्याच्या गाडीत तिकीट फाडणारा परिवहन संस्थेचा, तर गाडी हाकणारा ठेकेदाराचा. तिकिटाचा पैसा संस्थेकडे जातो आणि ठेकेदाराला गाडी किती किलोमीटर धावली त्या हिशोबाने दर मिळतो. गाडी, तिची देखभाल आणि चालक हे सगळं त्याने त्या दरात बसवायचं.

या बिलातून संस्था दंड कापून घेते. फेरी रद्द झाली, गाडी वाटेत बंद पडली, थांबा सोडला, सिग्नल तोडला, काच फुटलेली निघाली, की दंड. कागदावर ही रचना ठीक आहे, ठेकेदाराला शिस्त लागावी म्हणूनच ती केली आहे. पण डिझेल, टायर, कर्जाचे हप्ते यांत ठेकेदाराला फारसं काही कमी करता येत नाही. कमी करता येतो तो चालकाचा पगार. म्हणून संस्थेने बिलात कापलेला रुपया फिरून चालकाच्या पगारपत्रकात उतरतो. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

डेपोवर ठेकेदाराचे सव्वाशेच्या आसपास चालक होते. बहुतेक बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरकडचे. मांजरी, फुरसुंगी, आंबेगाव अशा भागांत चार-पाच जण मिळून एक खोली. काही जण आधी ट्रकवर होते. ‘मामा’ म्हणून हाक मारावी अशा वयाचे पाचसहा जण सोडले, तर सगळे तिशीच्या आतबाहेरचे.

कुठे अडलं

सुरुवात एका आजारपणातून झाली. एका चालकाच्या वडिलांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ससूनला आणलं होतं. औषधं आणि येण्याजाण्याचा खर्च भागवायला त्याने भविष्यनिर्वाह निधीतून (पीएफ) उचल घ्यायची ठरवली. आजारपणासाठी तेव्हा अशी उचल मिळे आणि त्यासाठी नोकरीच्या वर्षांची अटही नसे. पासबुक उघडलं तर गेल्या पाच महिन्यांत एक पैसा भरलेला नव्हता. पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला पीएफची कपात छापलेली. त्याने डेपोवरच्या इतरांना आपापलं पासबुक बघायला सांगितलं. कुणाचे तीन महिने कोरे, कुणाचे सात. काहींचा तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांकच काढलेला नव्हता.

मग बाकीचंही बाहेर आलं. पगार महिन्याच्या २० तारखेच्या पुढे होत होता. वेतन प्रदान कायदा, १९३६ नुसार एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत आणि जास्त असतील तर १० तारखेच्या आत पगार व्हायला हवा होता. स्लिपवर ‘इतर कपात’ नावाचा एक रकाना होता. त्यात कधी आठशे, कधी दोन हजार. कशाबद्दल, ते लिहिलेलं नसे. सुपरवायझरला विचारलं की तोंडी उत्तर मिळे, “तुझ्या गाडीला मेमो आलाय.” हडपसरच्या गाडीतळावर एका दुचाकीवाल्याने मागून धडक दिली, तर बंपरचा खर्च चालकाकडून तीन हप्त्यांत वसूल केला गेला.

आणि ‘डबल’ होतंच. दुसऱ्या पाळीचा चालक आला नाही की पहिल्या पाळीचाच ती पाळीही मारी. पहाटे पाचला गाडी काढलेला माणूस रात्री नऊला तीच गाडी डेपोत लावायचा. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट दर होता आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. ‘आम्हाला ठेकेदाराने लावलंय, आम्हाला हे लागू नाही’ असं चालकांना सांगितलं जाई. ते साफ खोटं. त्या कायद्याने ‘थेट किंवा एखाद्या एजन्सीमार्फत’ कामावर असलेल्या दोघांनाही मोटार परिवहन कामगार मानलं होतं.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग गाड्या उभ्या करण्याचा. तो आधी एकदा वापरून झाला होता. काही महिन्यांपूर्वी पगार थकला म्हणून पहाटे कुणीच गाडी काढली नाही. दुपारपर्यंत पैसे खात्यात आले आणि गाड्या सुटल्या. सगळ्यांना वाटलं जिंकलो. पुढच्या पगारात त्या सकाळच्या रद्द फेऱ्यांचा दंड सगळ्यांत वाटून कापला गेला आणि पुढे दिसणाऱ्या तिघांना ड्युटी मिळणं बंद झालं. शिवाय सार्वजनिक उपयुक्तता सेवा म्हणून जाहीर झालेल्या सेवेत १४ दिवसांची आगाऊ नोटीस न देता केलेला संप तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याने बेकायदा ठरत असे. मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणाऱ्या कायद्याचं नावही अशा वेळी लगेच निघतं.

दुसरा मार्ग राजकीय पुढाऱ्याकडे जाण्याचा. एका माजी नगरसेवकाने मध्यस्थीची तयारी दाखवली. फोन केल्यावर एका महिन्याचा पगार वेळेवर झाला असता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती त्याच्या पुढच्या महिन्याची.

तिसरा मार्ग औद्योगिक न्यायालयाचा, कायम करून घेण्याचा. वयाने मोठे चालक यावर ठाम होते. “संस्थेच्या नावाची गाडी, संस्थेचा मार्ग, संस्थेचा वाहक, मग आम्हीच कसे परके?” हा त्यांचा सवाल होता आणि न्यायाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण कायद्याची वाट अवघड आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या (ज्याने ठेका दिला त्याच्या) नोकरीत जात नाही. त्याच वर्षी पुण्याच्याच कल्याणी स्टील्सच्या खटल्यात असं ठरलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली थेट तक्रार करता येत नाही. आधी ते नातं दुसऱ्या न्यायपीठापुढे सिद्ध करायचं. यात वर्षं जातात, ठेका मात्र मधेच संपतो.

चौथा मार्ग कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करण्याचा आणि त्याच वेळी संस्थेला मूळ मालक म्हणून धरण्याचा. कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ मध्ये दोन गोष्टी होत्या. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा. आणि ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. पीएफच्या योजनेतही ठेक्यावरच्या कामगारांची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर आहे. या मार्गात कुणी कायम होणार नव्हतं. पण नोकरी नेमकी कुणाकडे, हे सिद्ध करण्याची गरजही नव्हती.

पहिला निर्णय: काय मागायचं

या एका मुद्द्यावर दोन बैठका वादात गेल्या. एक कात्रजच्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये झाली, कारण डेपोजवळ जमलं की फोटो काढले जात. कायम करण्याची मागणी सोडली, तर वयाने मोठे लोक बाहेर पडतील अशी भीती होती. ती धरून ठेवली, तर संस्था पहिल्याच दिवशी ‘हे आमचे कामगार नाहीत’ म्हणून दार लावून घेईल, हेही दिसत होतं.

शेवटी मागण्या वेगळ्या केल्या. तक्रारीत फक्त चार गोष्टी: वेळेवर पगार, बेकायदा कपातीची परतफेड, थकलेला पीएफ, जादा कामाचा दुप्पट दर. कायम करण्याची मागणी संघटनेच्या वेगळ्या निवेदनात. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. पुढे संस्थेच्या अधिकाऱ्यांनी जेव्हा जेव्हा ‘चालक आमचे नाहीत’ हे पालुपद सुरू केलं, तेव्हा ‘नसू देत, कलम २१ त्यांच्यासाठीच आहे’ एवढं उत्तर पुरलं.

दुसरा निर्णय: कुणाच्या सहीने

पगार आणि पीएफची तक्रार संघटनेच्या लेटरहेडवर देता येते. कपातीच्या परताव्याच्या अर्जात मात्र अर्जदारांची नावं लागतात. आधीच्या बंदनंतर तिघांचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून आधी चालकांनी शहरातल्या एका नोंदणीकृत वाहतूक संघटनेचं सभासदत्व घेतलं, नंतर परताव्याच्या अर्जावर सह्या केल्या. अकरा जणांनी. त्यांत वडिलांच्या उपचारासाठी पासबुक उघडणारा पहिला होता.

अकराच का? बाकीच्यांना थांबायला आम्हीच सांगितलं. आधी थोड्या जणांच्या अर्जांवर आदेश मिळवू, मग उरलेल्यांचे त्याच धर्तीवर टाकू, असा विचार होता. त्याची किंमत पुढे येतेच.

कागद गोळा करणं

चालकाकडे स्वतःचा असा कागद जवळजवळ नसतो. नेमणूकपत्र कुणाकडेच नव्हतं. हजेरीपुस्तक सुपरवायझरच्या टेबलात. लॉगशीट, म्हणजे गाडीच्या दिवसभराच्या फेऱ्यांची नोंद, गाडीबरोबर जाते आणि रात्री जमा होते. म्हणून दोन महिने प्रत्येकाने रोज लॉगशीटचा आणि ड्युटी चार्टचा फोटो काढला. बँकेची विवरणपत्रं आणि पीएफ पासबुकाच्या छापील प्रती घेतल्या. ‘उद्या डबल मार, नाहीतर घरी बस’ असे सुपरवायझरचे व्हॉइस मेसेज जपून ठेवले.

माहिती अधिकारात संस्थेकडे ठेक्याची प्रत, मागच्या बारा महिन्यांची मंजूर बिलं, दंडाचा तपशील आणि बिलाला जोडलेली पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची चलनं, म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या, मागितली. पहिलं उत्तर आलं: ही त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक माहिती आहे. पहिल्या अपिलात बिलं आणि चलनं मिळाली, नावं काळी करून.

त्या चलनांनीच खरा उलगडा झाला. दर महिन्याच्या बिलाला पीएफचं चलन नियमित जोडलेलं होतं, रक्कमही भरघोस. मग पासबुकं कोरी कशी? ठेकेदाराचा पीएफ कोड एकच होता आणि त्याच कोडवर दुसऱ्या शहरांतल्या कामांवरची माणसंही होती. एकूण रक्कम मोठी दिसायची, बिल तपासणारा लिपिक ती बघून टिक करायचा. या डेपोवरचे किती जण त्यात आहेत हे कळायचं, तर चलनामागची सभासदनिहाय यादी हवी. ती बिलाला कधीच जोडलेली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. यात लबाडी कुठे संपते आणि बेफिकिरी कुठे सुरू होते, हे सांगणं कठीण आहे.

दंडाच्या तपशिलातही एक गोष्ट दिसली. गाडी बंद पडल्याचा दंड ज्या दिवशी संस्थेने लावला होता, त्याच दिवसाच्या नावाने चालकाच्या पगारातून कपात होती. काही ठिकाणी चालकाकडून घेतलेली रक्कम संस्थेच्या दंडापेक्षा जास्त होती. इंजिन तापून गाडी वाघोलीजवळ उभी राहिली, तर त्यात चालकाचा काय दोष?

सुनावण्या

शिवाजीनगरच्या कामगार कार्यालयात पहिल्या तारखेला ठेकेदाराकडून कुणीच आलं नाही. संस्थेने एक कनिष्ठ लिपिक पाठवला. दुसऱ्या तारखेच्या आधी ठेकेदाराच्या व्यवस्थापकाने चालकांना पाच-पाचच्या गटाने बोलावलं, एका महिन्याची थकबाकी रोख दिली आणि ‘आता कोणतंही येणं बाकी नाही’ अशा मुद्रांकावर सह्या घेतल्या. तीसेक जणांनी सह्या केल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, घरभाडं तुंबलेलं होतं. पण सह्या केलेल्यांना वाटलं आपण आता तक्रारीतून बाद, आणि ते बैठकांना येईनासे झाले. प्रत्यक्षात वेतन प्रदान कायद्याच्या कलम २३ नुसार असा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरत असे. हे आधी सांगून ठेवलेलं असतं, तर पैसेही घेता आले असते आणि माणसंही तुटली नसती.

दुसऱ्या सुनावणीत दंडाचा कायदा वाचून दाखवला. मंजूर यादीत असलेल्या चुकांसाठीच दंड करता येतो, तोही कामगाराचं म्हणणं ऐकून. एका पगारकाळात ३ टक्क्यांहून जास्त नाही, आणि हप्त्याने वसूल करायचा नाही. नुकसानीची कपात करायची, तर नुकसान चालकाच्या हयगयीमुळेच झालं हे दाखवायला हवं. ठेकेदाराच्या वकिलाने ‘हा दंड नाही, वसुली आहे’ असं म्हटलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, “मग नुकसानीचा पंचनामा दाखवा.” तो नव्हता.

तिसऱ्या सुनावणीला संस्थेचे लेखाधिकारी स्वतः आले आणि प्रकरण हललं. त्यांना चलनांची गोष्ट दाखवली होती. पीएफ कार्यालयाने संस्थेकडून वसुली काढली, तर पैसे संस्थेच्याच तिजोरीतून जातील, हे त्यांना पटलं. त्यांनी चालू बिलाचा एक भाग रोखला आणि त्यातून दोन महिन्यांचा पगार थेट चालकांच्या खात्यात जमा केला.

काय हाती लागलं, काय नाही

पगार १० तारखेच्या आत होऊ लागला. बिलाला सभासदनिहाय यादी जोडल्याशिवाय बिल पुढे जाणार नाही, असं संस्थेने पत्र काढलं. पीएफ कार्यालयात चौकशी लागल्यावर ठेकेदाराने थकलेली वर्गणी टप्प्याटप्प्याने भरली. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या चालकाला ते पैसे उपयोगी पडले नाहीत. त्याने खाजगी सावकाराकडून घेतले होते.

अकरा जणांच्या कपातीतला बराचसा भाग परत मिळाला. थांबवलेल्या बाकीच्यांचे अर्ज उशिरा पडले. दाव्याला बारा महिन्यांची मुदत असल्याने त्यांच्या जुन्या कपाती हातच्या गेल्या. अकरा जणांपैकी दोघांना ‘सध्या गाडी नाही’ म्हणून ड्युटी देणं बंद झालं. एक गावाकडे खाजगी बसवर गेला, दुसऱ्याचं प्रकरण कामगार न्यायालयात आहे.

जादा कामाचा दुप्पट दर मिळाला नाही. लॉगशीटचे फोटो ठेकेदाराने नाकारले आणि मूळ लॉगशीट ‘गहाळ’ झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जादा कामाच्या पुराव्यासाठी आम्ही चालकाकडे आणि ठेकेदाराकडे बघत राहिलो. तो पुरावा संस्थेकडेच होता. ‘डबल’ मारणाऱ्या चालकाच्या गाडीवर दुपारी वाहक बदलतो. वाहक संस्थेचा, त्याची ड्युटी संपली की दुसरा येतो. दोन वाहकांची दोन वे-बिलं (वाहकाच्या फेऱ्यांचा आणि तिकिटांचा हिशोबाचा कागद), दोन्हींवर चालकाचा क्रमांक एकच. तिकीट यंत्रात प्रत्येक फेरीची वेळ. शिवाय गाडीतल्या जीपीएसची नोंद, जिच्या आधारे किलोमीटरचं बिल निघतं. माहिती अधिकाराच्या पहिल्याच अर्जात ही वे-बिलं मागितली असती, तर ‘गहाळ’ लॉगशीटवाचून काही अडलं नसतं. वाहकांशी बोललो असतो, तर हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं. पण ते कायम कामगार, त्यांची संघटना वेगळी, त्यांच्याशी चहापलीकडे बोलणं नाही.

अकरा अर्जांवर थांबण्याचा डावही बरोबर नव्हता. संरक्षणाचा विचार केला तरी नव्वद सह्यांमागे कुणाला टिपणं जास्त अवघड गेलं असतं.

संपाची नोटीस राखून ठेवली, दिली नाही. यावर अजून मतभेद आहेत. काहींच्या मते नोटीस दिली असती, तर पहिल्या दोन तारखा वाया गेल्या नसत्या. मला ते पटत नाही. संस्थेने बिल रोखलं ते चलनांमुळे. पण खात्रीने सांगता येईल असं हे नाही.

आता नियम बदलल्यावर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. वर उल्लेखलेले बहुतेक कायदे त्यांत विलीन झाले. असं प्रकरण आज उभं राहिलं, तर काही गोष्टी सोप्या होतील. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे बारा महिन्यांची कात्री लागणार नाही. नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. दंडाची ३ टक्क्यांची मर्यादा आणि मूळ मालकाची पगाराची जबाबदारी कायम आहे.

एक मुद्दा मात्र नवा आहे. आस्थापनेच्या ‘मुख्य’ कामात कंत्राटी कामगार लावायला व्यावसायिक सुरक्षा संहितेने मनाई केली आहे. वाहतूक सेवा मुख्य कामातून वगळलेल्या यादीत आहे, पण आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झाली नसेल तरच. बस चालवण्यासाठीच स्थापन झालेल्या संस्थेला ही सवलत कशी मिळणार? दुसरीकडे, एखादं काम एरवी ठेक्यानेच होत असेल तर संहितेने त्यालाही वाट ठेवली आहे. मामा लोकांचा जुना सवाल आता या दोन तरतुदींच्या मधे येऊन थांबला आहे.

नव्या ठेक्याचा मसुदा तयार होत असताना संघटनेने संस्थेला तीन कलमं सुचवली होती. सभासदनिहाय पीएफ यादी आणि बिलासोबत बँकेतल्या पगारजमेचा दाखला, ही दोन मसुद्यात आली. संस्थेने लावलेला दंड ठेकेदाराने चालकाच्या पगारातून वसूल करू नये, हे तिसरं आलं नाही. उत्तरात लिहिलं होतं, हा ठेकेदार आणि त्याचे कर्मचारी यांच्यातला विषय आहे.